हेरगिरीची विनोदी पटकथा: कोणाला काय चुकीचं माहीत आहे?

तुम्ही पाठवलेली गोष्ट थोडक्यात अशी आहे. आप्पा बळवंत चौकाजवळ एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान. दुकानदार पन्नाशीचा, सरळमार्गी. एका दुपारी संरक्षण प्रयोगशाळेतल्या गोपनीय आराखड्याचा कागद त्याच्याकडे राहून जातो. आपल्या गुप्तचरांना तो शत्रूचा हस्तक वाटायला लागतो आणि शत्रूच्या माणसांना सरकारचा मुरलेला एजंट. मध्यंतरापर्यंत वाचणारे हसतात, नंतर नुसती पळापळ होते आणि हशा थांबतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: उत्तरार्धाचं काय करू, कोणती पात्रं लागतातच, आणि नायक वेंधळा ठेवू की हुशार.

उत्तरार्धापासून सुरुवात करतो, बाकीच्या दोन्ही उत्तरांची वाट तिथूनच जाते. तुमचा उत्तरार्ध ज्या कारणाने पडतो ते कारण मध्यंतराच्या प्रसंगात आहे. त्या एका प्रसंगात अधिकाऱ्याला कळतं की हा साधा झेरॉक्सवाला आहे, झेरॉक्सवाल्याला कळतं की आपल्यामागे कोण लागलंय, आणि प्रेक्षकाला तर सगळं आधीपासूनच माहीत होतं. म्हणजे पडदा पडताना सगळ्यांना सगळं कळलेलं आहे. त्यानंतर कोणी कोणाला चुकीचं समजू शकत नाही. उरतो पाठलाग, आणि पाठलागासाठी तुमच्याकडे ना बजेट आहे ना त्याची गरज.

या प्रकारच्या चित्रपटाचा सगळा डोलारा माहितीच्या तफावतीवर उभा असतो. ही तफावत दोन जातींची असते. एखाद्या पात्राला एखादी गोष्ट माहीत नसते, तेव्हा ताण तयार होतो. त्याच पात्राला ती गोष्ट चुकीची माहीत असते आणि ते तीच खरी मानून खात्रीने वागतं, तेव्हा हशा तयार होतो. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, तर माणसांच्या साध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. आता त्या टेबलाशी बसलेल्या एकाला वाटू द्या की खालची टिकटिक शेजाऱ्याच्या नव्या घड्याळाची आहे आणि तो त्या घड्याळाची तारीफ करायला लागू द्या. बॉम्ब तोच, ताणही तोच, आणि आता लोक हसतातही. म्हणून मी लिहिणाऱ्यांना एकच काम आधी करायला लावतो. मोठा कागद घ्यायचा, डावीकडे पात्रं, वर प्रसंग, आणि प्रत्येक चौकटीत तीन ओळी: याला काय माहीत आहे, काय चुकीचं माहीत आहे, आणि हा काय लपवतोय. मधली ओळ जिथे रिकामी राहील तिथे हशा येणार नाही, संवाद कितीही चटपटीत लिहा.

तुमच्या सध्याच्या मसुद्याचा असा तक्ता केला तर पूर्वार्धातसुद्धा एक भोक दिसेल. झेरॉक्सवाल्याच्या रकान्यात ‘चुकीचं माहीत’ ही ओळ रिकामी आहे. त्याला नुसतं काहीच माहीत नाही. दुसरे त्याच्याविषयी गैरसमज करून घेतात आणि तो बापडा भांबावतो. असा नायक अर्धा तास चालतो, पुढे प्रेक्षकाला त्याची फक्त दया येते. त्यालाही स्वतःचा, पक्का, तर्कशुद्ध गैरसमज द्या.

मी असा देईन. हा माणूस विद्यार्थ्यांना अख्खी पाठ्यपुस्तकं झेरॉक्स करून, स्पायरल बाइंडिंग करून विकतो. हे बेकायदा आहे हे त्याला ठाऊक आहे आणि त्याची त्याला कायम धास्ती आहे. शिवाय परीक्षांचे दिवस आहेत आणि वर्तमानपत्रांत पेपरफुटीच्या बातम्या आहेत. त्यामुळे साध्या कपड्यातले दोघं दुकानासमोर घुटमळायला लागले की तो एकच निष्कर्ष काढतो: छापा पडणार. तो पुस्तकं माळ्यावर टाकतो, हिशेबाची वही लपवतो, रात्री शटर अर्धं ओढून पोती हलवतो. पाळतीवरच्यांना हे सगळं दिसतं आणि त्यांचा संशय पक्का होतो. इथे कोणीच मूर्ख नाही. आपल्याला जे माहीत आहे त्यावरून प्रत्येकजण बरोबर अनुमान काढतो आणि तरी सगळे मिळून संपूर्ण चुकीच्या जागी पोहोचतात. पुढे अधिकारी त्याला गाठते, तेव्हा दोघं ‘तो कागद’ एवढंच म्हणत बोलतात. तिच्या मनात आराखडा, त्याच्या मनात अर्थशास्त्राचं पुस्तक.

“तुमच्याकडे तो कागद किती दिवसांपासून आहे?”
“मॅडम, दर वर्षी असतो. मागणी असते.”
“कोणाची मागणी?”
“सगळ्यांचीच. सायन्सवाले जरा जास्त नेतात.”
“आणि पैसे?”
“पानाप्रमाणे.”

या संवादात विनोदी म्हणावी अशी एकही ओळ नाही. नट जितक्या गांभीर्याने बोलतील तितका तो वर जाईल. अशा प्रसंगात नटाने प्रेक्षकाकडे डोळा मारला की खेळ संपला, हे दिग्दर्शकाला पटकथेच्या वाचनातच बजावून ठेवा.

आता घोटाळा सुरू कसा होतो ते पाहू. गैरसमजाचा उगम साधारण तीन ठिकाणी असतो. एक, निव्वळ योग: १९५९च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये हॉटेलचा पोऱ्या एका नावाने हाक मारत फिरत असतो, नेमक्या त्याच क्षणी जाहिरात कंपनीतला नायक आईला तार करायची म्हणून त्याला खूण करतो, आणि बघणारे समजतात की हाच तो. दोन, कोणीतरी रचलेला डाव: १९७२च्या एका फ्रेंच चित्रपटात गुप्तचर खात्याचा प्रमुख त्याची खुर्ची खेचू पाहणाऱ्या सहायकाला अडकवण्यासाठी मुद्दाम अफवा सोडतो की विमानतळावर मोठा एजंट उतरतोय, आणि त्याचा माणूस गर्दीतून एका व्हायोलिनवादकाला केवळ पायात दोन वेगळ्या रंगांचे बूट आहेत म्हणून निवडतो. तीन, नायकाचं स्वतःचं खोटं: ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीवरून १९५९मध्ये आलेल्या ‘अवर मॅन इन हवाना’मध्ये व्हॅक्यूम क्लीनर विकणारा माणूस मुलीच्या खर्चासाठी हेर व्हायला तयार होतो, काल्पनिक हस्तक उभे करतो आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या सुट्या भागांची चित्रं गुप्त शस्त्र म्हणून लंडनला धाडतो.

योगायोगाची मुभा एकदाच, तीही सुरुवातीला. तुमच्याकडे आराखडा दुकानात ‘राहून जातो’ आणि तो का, हे कुठेच येत नाही. ते कारण मला पुण्याच्या मातीतलं हवं. शेजारी शेजारी दोन झेरॉक्सची दुकानं ठेवा, दोन्हींवर एकच आडनाव, दोन्हींवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी. सख्खे भाऊ, वाटणीवरून बोलणं बंद. निरोप्याला सांगितलंय त्या आडनावाच्या दुकानात जा, एक वाक्य बोल आणि ठरलेलं उत्तर आलं की कागद दे. तो चुकीच्या भावाकडे शिरतो.

“याची पाठपोट काढा. दुसरं पान आधी.”
“मशीन तापायला वेळ लागेल.”
“किती?”
“चहा पिऊन या.”

ठरलेलं उत्तर होतं ‘मशीन तापायला वेळ लागेल’. ज्याने ते ठरवलं तो कधी झेरॉक्सच्या दुकानात गेलेला नाही, नाहीतर त्याला कळलं असतं की हे वाक्य दिवसातून वीसदा म्हटलं जातं. निरोप्या निश्चिंत होऊन अमृततुल्यमध्ये चहा प्यायला जातो आणि मूळ कागद काचेवर, झाकणाखाली राहतो. मूळ प्रत मशीनमध्येच विसरणं हा या धंद्यातला रोजचा प्रकार आहे, त्यामुळे प्रेक्षक शंका घेणार नाही. तो एकच शंका घेईल: मोबाइलवर फोटो का नाही काढला? तिचं उत्तर पहिल्या दहा मिनिटांत द्या. अशा प्रयोगशाळांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत आणि पलीकडच्यांना फोनवर कसलाच माग ठेवायचा नाही. दोन वाक्यांत संपवा, पण सोडू नका.

आणि शेजारचा भाऊ? तोच खरा पोहोचवणारा आहे. कर्जापायी शत्रूकडून पैसे घेतो आणि आपल्या खात्याचा खबऱ्या म्हणून इकडूनही. कौटिल्याने अर्थशास्त्रात अशा माणसांना उभयवेतन म्हटलं आहे. हे पात्र आलं की तुमच्या गोष्टीला पाया मिळतो, कारण आता हेरगिरीच्या घोटाळ्याखाली भाऊबंदकीचा घोटाळा आहे आणि प्रेक्षकाला शेवटी आराखड्यापेक्षा त्या दोघांच्या बोलण्याची ओढ लागेल.

खातं एवढी मोठी चूक कशी करतं, हेही पटवायला हवं. त्यासाठी कौटिल्याचाच नियम उलटा वापरा. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचं म्हणणं जुळलं तर त्यावर विश्वास ठेवावा, असं तो सांगतो. तुमच्या कथेत अधिकारी तीन ठिकाणी चौकशी करते: चहावाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, शेजारचा भाऊ. तिघंही सांगतात की हल्ली हा रात्री उशिरापर्यंत पोती हलवतो, काहीतरी गडबड आहे. अहवाल पक्का झाला. प्रेक्षकाने मात्र पाहिलेलं आहे की चहावाल्याला काकूंनी सांगितलं आणि काकूंना त्या भावाने. तिची पद्धत निर्दोष होती, तरी ती फसली. हुशार माणूस योग्य रीतीने चुकतो तेव्हा येणारा हशा टिकाऊ असतो. अधिकारी केळीच्या सालावरून घसरली तर लोक एकदा हसतील आणि पुढच्या प्रसंगात तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

जी वस्तू सगळ्यांना हवी असते तिच्याविषयी थोडं सविस्तर. हिचकॉक तिला मॅकगफिन म्हणायचा आणि त्याच्या मते ती जितकी पोकळ तितकी बरी. शुद्ध थरारपटात हे चालतं. विनोदी कथेत वस्तू पोकळ असली तरी तिचं फिरणं भरीव लागतं. आपल्याकडे याचा उत्तम नमुना रंगभूमीवर शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती जाते, फाल्गुनराव ती तिच्या हातात बघतो, आणि दोन्हीकडे संशय पेटतो. १८९३च्या मूळ गद्य रूपाच्या नावातच तसबिरीचा घोटाळा होता. तसबीर कोणाच्या हातात आहे आणि ती पाहणारा काय समजतो, एवढ्यावर पूर्ण नाटक चालतं. ते नाटक हाताशी ठेवा आणि प्रत्येक प्रवेशात तसबीर कुठे आहे हे पेन्सिलीने समासात लिहीत जा. रचना शिकायला याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही.

तुमच्याकडे तर तसबिरीपेक्षा भारी वस्तू आहे. तसबीर एकच असते. झेरॉक्सच्या दुकानात शिरलेल्या कागदाच्या प्रती होतात. आणि इथेच तुमचा उत्तरार्ध दडलेला आहे.

दुकानदार ग्राहक परत येईल म्हणून आराखड्याच्या प्रती काढायला घेतो. टोनर कमी, पहिल्या प्रती फिक्या येतात. तो त्या नेहमीसारख्या पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकतो. संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या पोरांची झुंबड उडते, सबमिशन तोंडावर आलेलं, दुकानातला पोऱ्या स्वस्तात हवंय म्हणणाऱ्यांना पाठकोऱ्यांवर नोट्स काढून देतो. आता क्षेपणास्त्राच्या एका भागाचा आराखडा चाळीस विद्यार्थ्यांच्या जर्नलच्या मागच्या बाजूला आहे आणि त्यातले अर्धे कोथरूडला, कर्वेनगरला, कात्रजला कॉट बेसिसवर राहतात.

हा कागदांचा प्रवास प्रेक्षकाने पूर्वार्धात जाता जाता पाहिलेला असू द्या: पोऱ्याचा हात, गठ्ठा, मशीन, बास. मध्यंतराला त्याचा अर्थ उलगडू द्या. मध्यंतराच्या प्रसंगात तीन गोष्टी घडवा. नायकाला कळतं की प्रकरण पुस्तकांचं नाही, देशाच्या संरक्षणाचं आहे. त्याच क्षणी त्याची नजर रिकाम्या झालेल्या पाठकोऱ्यांच्या खोक्याकडे जाते. आणि प्रेक्षकाला, फक्त प्रेक्षकाला, भिंतीपलीकडचा भाऊ फोनवर ‘कागद अजून आला नाही’ म्हणताना दिसतो. म्हणजे एका पात्राचा गैरसमज संपतो आणि दोन नवे जन्माला येतात. नायक जेव्हा घाबराघुबरा होऊन पोरांच्या खोल्यांवर जाऊन जर्नल्स परत मागायला लागतो, तेव्हा खात्याला वाटतं हा आपल्या जाळ्यातल्या हस्तकांना भेटतोय; शत्रूला वाटतं प्रती विखरून हा भाव वाढवतोय; आणि पोरांना वाटतं पेपर फुटलाय आणि त्याचा संबंध या पानांशी आहे, म्हणून ती पानं अजून जपून ठेवतात आणि, देवा, त्यांच्याही झेरॉक्स काढतात. पळापळ इथेही आहे. मात्र प्रत्येक पावलाला तीन वेगळे अर्थ आहेत.

पात्रांकडे वळतो. ‘एक हिरो, एक साइडकिक, एक व्हिलन’ अशी यादी करू नका. प्रत्येक पात्राची जागा त्याच्या माहितीवरून ठरवा. दोन पात्रांना सगळ्या प्रसंगांत सारखंच माहीत असेल तर त्यातलं एक काढून टाका. तुमच्या मसुद्यात नायकाचे दोन मित्र आहेत, दोघांना सारखंच माहीत असतं. एकाला रजा द्या.

नायक हुशार ठेवा. जगाच्या हुशारीत कच्चा असला तरी स्वतःच्या कामात पक्का, आणि शेवटचा पेच त्याच कामातल्या ज्ञानाने सुटायला हवा. हे ज्ञान तुमच्याकडे तयार आहे. प्रत्येक मशीनच्या ड्रमवर ओरखडे असतात, काचेवर डाग असतात आणि ते प्रत्येक प्रतीवर त्याच जागी उमटतात. दस्तऐवज तपासणारे न्यायवैद्यक तज्ज्ञसुद्धा अशा खुणांवरून प्रत कोणत्या मशीनची ते शोधतात. तुमचा झेरॉक्सवाला पहिल्याच प्रसंगात एखाद्या गिऱ्हाइकाला सांगू दे, “ही प्रत आमच्याकडची नाही, उजवीकडे बारीक रेघ येते ना, ते शेजारचं मशीन.” प्रेक्षकाला ती भावाविषयीची कुरबुर वाटेल. शेवटी जप्त केलेल्या आधीच्या कागदांवर तीच रेघ दिसते आणि आपला भाऊ यात किती दिवसांपासून आहे हे सगळ्या खोलीत एकट्या नायकाला कळतं. तो सांगेल का? हा तुमचा क्लायमॅक्स. पाठलाग नसला तरी चालेल.

अधिकारी ही कथेतली सर्वांत गंभीर व्यक्ती असू दे. तुम्ही तिला प्रेमकथेसाठी ठेवलंय, ते काढा. तिची नोकरी पणाला आहे आणि तिचा अहवाल वरती पाठवून झाला आहे. तिच्या वर दिल्लीत एक वरिष्ठ लागतो, ज्याला चूक कबूल करणं परवडत नाही. हवानाच्या त्या कथेत लंडनचे साहेब सत्य कळल्यावर नायकाला शिक्षा करत नाहीत, उलट पदक आणि नोकरी देतात, कारण फसवणूक मान्य केली तर त्यांचंच हसं होईल. संस्थेच्या वागण्याचं हे तर्कशास्त्र तुमच्या शेवटालाही उपयोगी पडेल.

इथे एक तांत्रिक दुरुस्ती. तुम्ही पुण्यात पाळत ठेवणारे ‘रॉ’चे दाखवले आहेत. रॉ १९६८मध्ये स्थापन झाली ती परदेशातल्या गुप्तवार्तांसाठी. देशातलं प्रतिहेरगिरीचं, म्हणजे शत्रूचे हेर शोधण्याचं काम इंटेलिजन्स ब्युरोचं (आयबी). आणि आयबीला अटकेचा अधिकार नाही, त्यासाठी पोलीस लागतात. याकडे अडचण म्हणून पाहू नका, यातून एक फार चांगलं पात्र मिळतं: स्थानिक पोलीस ठाण्यातला निरीक्षक, ज्याला कोणीच काही सांगत नाही आणि ज्याच्याकडे शेवटी सगळे अटकेसाठी येतात. त्याच्या माहितीचा रकाना पूर्ण कोरा ठेवा. गुन्हा १९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली येईल, त्यातलं गांभीर्य एका संवादात नायकाच्या बायकोला कळू द्या, म्हणजे प्रेक्षकालाही कळेल. प्रयोगशाळा मात्र काल्पनिक घ्या. पाषाणला, दिघीला खऱ्या संस्था आहेत, तिथल्या फाटकांचं, सुरक्षेचं चित्रण करायच्या भानगडीत पडू नका. कथेला त्याची गरजही नाही.

खलनायकाबद्दल माझं मत ठाम आहे. तो विनोदी नको. त्याने एकदा तरी, शक्यतो पहिल्या पंचवीस मिनिटांत, खरी इजा केली पाहिजे. चुकीच्या दुकानात शिरलेला तो निरोप्या दुसऱ्या दिवशी मुठेच्या पात्रात सापडू दे. प्रसंग छोटा, संगीताशिवाय. त्यानंतर खलनायक दुकानात येऊन फक्त “दोन प्रती” म्हणाला तरी थिएटर गप्प होईल, आणि त्या शांततेत नायकाने सवयीने “पाठपोट का?” विचारलं की हशा फुटेल. धोका खरा नसेल तर हा हशा मिळत नाही.

बायकोला संशयी बायको करू नका. तसबिरीच्या नाटकाने ती जागा कायमची घेतली आहे. तिला सगळ्यांत आधी खरं कळू द्या आणि तिने ते लपवावं, कारण वाडा पाडून नवी इमारत होण्याच्या बोलण्यांत दुकानाची जागा जाऊ नये म्हणून तिने दिराशी परस्पर बोलणी चालवली आहेत. दुकानातला पोऱ्या हा तुमचा एकमेव सोबती पुरे. त्याला कायम अर्धं माहीत असतं आणि तो उरलेलं अर्धं स्वतः भरतो.

वेषांतराचे प्रसंग तुम्ही फार घातले आहेत: भटजी, बॅंडवाला, ज्योतिषी. वेषांतराचं मर्म असं की बघणाऱ्याची नजर थबकूच नये. ५ एप्रिल १६६३च्या रात्री महाराजांची माणसं लाल महालावर छापा घालायला पुण्यात शिरली ती लग्नाच्या वरातीच्या निमित्ताने, असं सांगतात. त्या शहरात त्या रात्री वरात ही कोणी वळून पाहावं अशी गोष्ट नव्हती. आजच्या पुण्यात तसं काय आहे? दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली मुलगी. पाठलाग करणारा फर्ग्युसन रस्त्याच्या सिग्नलला पोहोचतो, समोर पंधरा स्कूटर, पंधरा स्कार्फ, पंधरा सनकोट, आणि त्यातली आपली कोणती ते त्याला कळत नाही. सिग्नल सुटतो. एवढाच प्रसंग. त्याला ना मेकअप लागतो ना गर्दी जमवावी लागते. तसंच पी-१, पी-२चं, म्हणजे सम-विषम तारखेनुसार रस्त्याची बाजू बदलणारं पार्किंग. सम तारखेला गाडी विषम बाजूला लावली तर ‘भेट रद्द’ अशी खूण ठरवा आणि टोइंगवाल्यांना ती गाडी उचलू द्या, डिकीत ठेवलेल्या पाकिटासकट.

शेवटासाठी तुम्ही विसर्जन मिरवणूक लिहिली आहे. मी ती काढायला सांगेन. खर्चाचा भाग वेगळाच, पण ढोल-ताशात संवाद ऐकू येत नाहीत आणि तुमचा शेवट कोण काय बोलतो आणि कोण काय ऐकतो यावर आहे. सगळ्यांना त्या दहा बाय बाराच्या दुकानात आणा. सबमिशनचा शेवटचा दिवस, बाहेरपर्यंत रांग. रांगेत अधिकारी, तिच्यामागे खलनायक, मध्ये जर्नल घेतलेली पोरं, भिंतीपलीकडे भाऊ, आणि वाहतुकीला अडथळा होतोय म्हणून आलेला निरीक्षक. प्रत्येकाला पुढच्या माणसाविषयी चुकीचं माहीत आहे. अर्ध्या तासाचा ऐवज आहे हा. गैरसमज एकेक करून सुटू द्या, आणि दोन भावांमधला सगळ्यांत शेवटी.

वेळेचं म्हणाल तर दोन तास दहा मिनिटांच्या चित्रपटात निरोप्या दहाव्या-बाराव्या मिनिटाला दुकानात यावा, पंचविसाव्यापर्यंत त्याचा मृत्यू, पस्तिसाव्याला ‘तो कागद’चा प्रसंग, साधारण पासष्टाव्याला मध्यंतर. मध्यंतरानंतरची पहिली दहा मिनिटं पोरांच्या खोल्यांवरची, सगळ्यांत हलकी ठेवा. नव्वदाव्या मिनिटाच्या सुमाराला बायकोने लपवलेलं बाहेर येऊ द्या. तिथे हशा थांबला तरी घाबरू नका, तो थांबायलाच हवा. रांगेचा प्रसंग शंभराव्यापासून.

पुढचं पाऊल म्हणून एक पानाची वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात सांगाडा लिहा, ज्यात एकही विनोद नसेल. फक्त कोणी काय केलं आणि का. ते पान एखाद्या तिऱ्हाइताला गंभीर हेरकथा म्हणून वाचायला द्या. त्याने “मग पुढे काय झालं?” विचारलं तर सांगाडा उभा आहे. त्याने “पण त्याने असं का केलं?” विचारलं, तर तिथे कारण भरा, आणि मगच सीन ऑर्डरला, म्हणजे प्रसंगांच्या क्रमवार यादीला हात घाला. मसुद्यातले काही संवाद खरंच चांगले आहेत, विशेषतः काकूंचे. ते बाजूला काढून ठेवा. नव्या रचनेत काकूंना भावाविषयी जे कळलेलं आहे ते तोंडावर येऊनही त्या सांगत नाहीत, असा एक प्रसंग लागेल, आणि त्यांची ती भाषा तिथे लागू पडेल.